नळीचा, बिननळीचा की फोनवर चालणारा? मुलासाठी इन्सुलिन पंप निवडताना

क्लिनिकमधल्या नर्सनं टेबलावर चार पंप मांडले आणि म्हणाली, "घरी जाऊन बोला, घाई नाही. पण एकदा घेतलात की साधारण चार वर्षं हाच." लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. सातव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाल्यापासून आम्ही इन्सुलिन टोचायच्या पेनवरच होतो. पुढचे पंधरा दिवस मी पंप वापरणाऱ्या घरांत जाऊन आले, मुलांना विचारलं, त्यांच्या आयांना विचारलं. तेच इथे लिहितेय.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे कुठला उपचार सरकारी खर्चानं द्यायचा हे 'नाइस' ही संस्था ठरवते. डिसेंबर 2023 मध्ये तिनं कातडीवर लावून साखर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेले, स्वतःहून इन्सुलिन कमी-जास्त करणारे पंप टाइप वन असलेल्या 18 वर्षांखालच्या सगळ्या मुलांना देण्याची शिफारस केली. गरोदर स्त्रियांनाही ते मिळतात. मोठ्यांना एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 7.5 टक्के किंवा जास्त असेल, नाहीतर शुगर वारंवार धोकादायक खाली जात असेल तर मिळतात. सगळीकडे पोचायला पाच वर्षांची मुदत धरली आहे, त्यामुळे तुमच्या भागात रांग असू शकते.

आमच्यासमोर मिनीमेड 780जी, ऑम्निपॉड 5, टी-स्लिम एक्स2 आणि कॅमएपीएस एफएक्स हे ॲप लावलेला इप्सोपंप होता. चारही पंप सेन्सरवरून साखर वाचतात आणि दर काही मिनिटांनी बेसल, म्हणजे दिवसरात्र थोडं थोडं जात राहणारं, इन्सुलिन वर-खाली करतात. जेवणाचा डोस मात्र चारहींत आपणच कार्ब (पोळी-भातातली कर्बोदकं) मोजून द्यायचा असतो. "आता काही बघायलाच नको" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मी पहिल्यांदा आकड्यांत अडकले. 780जी शुगर 5.5वर धरू शकतो (भारतातल्या मापात 100, इथला आकडा 18ने गुणायचा). ऑम्निपॉड तेव्हा 6.1च्या खाली लक्ष्य लावू देत नव्हता, टी-स्लिम साधारण 6.25 ते 8.9च्या पट्ट्यात ठेवायला बघतो आणि कॅमएपीएसमध्ये 4.4 ते 11 यांतलं हवं ते, दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगवेगळंही लावता येतं. वहीत तक्ता करून मी 780जीपुढे बरोबरची खूण केली. मग एका मैत्रिणीनं विचारलं, "तुझी लेक शाळेत डोस घ्यायला आठवड्यातून किती वेळा विसरते?" त्या प्रश्नानंतर मी तक्ता नव्यानं केला.

कारण निवड तिथेच होते. सगळं नीट चाललेलं असतं तेव्हा चारही पंप चांगलेच आहेत. आपण चुकलो की कुठला किती सांभाळून घेतो, ते बघायचं.

आमची लेक विसरते. डबा उघडला, मैत्रिणी समोर असल्या की डोस राहतो. दोन पोळ्या म्हणजे आमच्याकडे 40 ग्रॅमच्या वर कार्ब (एक पोळी 30 ग्रॅम पिठाची, मी आठवडाभर गोळे काट्यावर ठेवून पाहिले). तेवढ्यावर डोस चुकला तर घरी येईपर्यंत शुगर 16-17. अशा वेळी 780जी सगळ्यात जोरकस आहे. नुसता बेसल वाढवून तो थांबत नाही, गरज पडली तर दर पाच मिनिटांनी स्वतःहून छोटा दुरुस्तीचा डोस देतो. टी-स्लिमही देतो, पण तासाला एकदाच आणि हिशोबानं येईल त्याच्या 60 टक्के. ऑम्निपॉड वेगळा डोस देत नाही, बेसललाच थेंबाथेंबानं चढवतो. शिवाय तो प्रत्येक नवीन पॉडबरोबर (अंगाला चिकटवायचा, दर काही दिवसांनी बदलायचा भाग) आधीच्या दिवसांचं एकूण इन्सुलिन बघून शिकत जातो, म्हणून पहिले काही पॉड मंद वाटतात. एका आईनं दुसऱ्याच आठवड्यात परत करायचं ठरवलं होतं. महिन्यानं भेटली तेव्हा रात्रीची शुगर दाखवत होती, सरळ रेघ. तेव्हा पहिल्या पंधरवड्यावरून मत करू नका.

पुरणपोळीचा मुद्दा वेगळा लिहिते, कारण इंग्रज नर्सला तो सांगून कळत नाही. तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि खरी शुगर तीन-चार तासांनी चढते. जेवणाआधी सगळा डोस दिला तर आधी लो, मग हाय. कॅमएपीएसमध्ये 'बूस्ट' आहे, तो चालू केला की ॲप तेवढे तास जास्त जोर लावतं. उलट 'ईझ-ऑफ' खेळाच्या वेळी हात आखडता घेतं. होळीच्या दिवशी हे मी एका घरी स्वतः पाहिलं: वडील फोनवर बूस्ट लावून निवांत पंगतीला बसले होते.

मग नळीचं. ऑम्निपॉडला नळी नाही हे त्याचं सगळ्यात मोठं सुख, आणि लहान मुलांच्या आयांकडून ते ऐकताना मला हेवा वाटला. पॉड अंगाला चिकटवायचा, तीन दिवसांनी काढून फेकायचा. हिशोब करणारं डोकं पॉडमध्येच असल्यामुळे कंट्रोलर वर्गात राहिला तरी मैदानावर बेसलचं काम चालू राहतं. पाण्यातही चालतो. पण दंडावर धक्का लागून पॉड निघाला की आतल्या इन्सुलिनसकट गेला. भरतानाच किमान 85 युनिट लागतात, त्यामुळे रोज दहा-बारा युनिट घेणाऱ्या चिमुरड्याचं बरंच इन्सुलिन वाया जातं. नळीच्या पंपात सेट (नळी आणि कातडीखाली बसणारी बारीक कॅन्युला) निघाला तर सेटच बदलायचा. 780जीला सात दिवस चालणारा सेटही मिळतो, म्हणजे सुई टोचायची वेळ आठवड्यातून एकदा.

टी-स्लिमबद्दल थोडक्यात: ज्यांना बेसलचे आकडे स्वतः बसवायला आवडतात आणि जमतात, त्यांच्यासाठी तो उत्तम. तो आपण लावलेल्या आकड्यांच्या आजूबाजूला काम करतो. पोहताना काढून ठेवावा लागतो. आमची आठवड्यातून तीनदा पोहते, तिथेच तो बाद झाला.

कॅमएपीएसनं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. वर्षाच्या बाळापासून परवानगी आहे, गरोदरपणासाठीही आहे. तुमच्या घरात कुणी बाळंतपणाचा विचार करत असेल तर मी पहिल्यांदा ह्याचंच नाव घेईन. पंप हलका आहे, पण त्यात 160 युनिटच मावतात, वाढत्या मुलाला ते दोन दिवसही पुरणार नाहीत असा काळ येतो. आणि सगळं डोकं फोनमध्ये. फोन जवळ नसला किंवा बॅटरी संपली की पंप आधी ठरवलेल्या साध्या बेसलवर जातो. त्यात धोका नाही, पण सांभाळून घेणंही नाही. आमच्या लेकीच्या शाळेत फोन सकाळी कपाटात जमा होतो. परवानगी मिळते, पण दर नवीन शिक्षिकेला ते पुन्हा सांगत बसावं लागलं असतं.

आता ते, जे कुठल्याच माहितीपत्रकात पहिल्या पानावर नसतं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. पेनवर असताना लाँग-ॲक्टिंगचा, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा, आधार अंगात असतो, पंपावर तो नाही. पुरवठा तुटला की काही तासांत कीटोन (इन्सुलिन नसलं की रक्तात साठणारी आम्लं) चढतात. पंपावर आल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात आम्ही समुद्रावर गेलो होतो. पहाटे अडीचला अलार्म झाला. शुगर 19. पंपाच्या स्क्रीनवर सगळं इन्सुलिन गेल्याचं दिसत होतं. नवऱ्यानं अजून एक डोस द्यायला सांगितला, मी दिला, तासाभरानं 21. मग बोट टोचून कीटोन बघितले, 1.8. सेट उपसला तर कॅन्युला टोकाशी नखाएवढी दुमडलेली, चादरीवर इन्सुलिनचा तो औषधी वास. पेन गाडीत होतं. अनवाणी पार्किंगमध्ये पळत गेले ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

हे कुठल्याही पंपाला होऊ शकतं. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे: शुगर 14च्या वर आणि दुरुस्तीनं तासाभरात हलली नाही, तर कीटोन बघायचे, पहिला डोस पेननं द्यायचा, नवीन सेट लावायचा, बाकी चौकशी नंतर. क्लिनिकनं हाच क्रम कागदावर लिहून दिला. तुमच्या टीमकडून तुमच्या मुलाचे आकडे असेच लिहून घ्या. पेन आणि कीटोनच्या पट्ट्या उशाशी, गाडीत नाही.

भारतात सुट्टीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ताडून पाहावी. 780जी भारतात विकला जातो, त्याचं सामान अडीअडचणीला पुण्या-मुंबईत मिळू शकतं आणि तो एका अल्कलाइन पेन्सिल सेलवर (एए) चालतो, जो सांगलीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. पॉड तिकडे मिळतील असं धरू नका, मुक्कामाला लागतील त्याच्या दुप्पट न्या. आणि पंपात मिलीला 100 युनिटचंच इन्सुलिन चालतं. भारतात 40 युनिटच्या कुप्या अजून सर्रास विकल्या जातात, तेव्हा घाईत आणायला कुणाला पाठवलं तर आकडा लिहून द्या.

आम्ही शेवटी 780जी घेतला. लेक पाच वर्षांची असती तर पॉड घेतला असता. कॉलेजात जाणारी, फोन हातातून न सोडणारी असती तर कॅमएपीएस. नळीचं तिला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. पहिल्या आठवड्यात दाराच्या कडीत नळी अडकून सेट दोनदा उपसला गेला आणि ती रडली. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पंप नीट बघून घेतला, मापं विचारली. दिवाळीला गेलो तेव्हा नवीन परकराला कमरेशी चोरखिसा शिवून ठेवला होता, आतल्या बाजूनं काजासारखं बारीक भोक, नळी त्यातून आतच राहते. आता शाळेच्या स्कर्टलाही मी तसंच शिवते. भोकाला कडेनं दोरा घालून घ्या, नाहीतर दोन धुण्यांत उसवतं.