प्लॅन संपतोय: केबलवाल्याशी बोलायचं की कंपनीकडे जायचं?

ब्रॉडबँडचा सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा प्लॅन संपत आला की दोनपैकी एक ठरवावं लागतं. आहे त्याच्याशी बोलून दर आणि अटी सुधारून घ्यायच्या, किंवा दुसऱ्याची तार घरात आणायची. मी जालन्यात घरूनच कर सल्लागाराचं काम करतो. आधी एका मोठ्या कंपनीचं फायबर होतं, आता गल्लीतल्या केबलवाल्याचं आहे, आणि प्लॅन संपताना दोघांशीही बोलणी केली आहेत. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या गल्लीपुरतं खरं आहे. परभणीत, बीडमध्ये किंवा जालन्यातच कुंडलिका नदीच्या पलीकडे चित्र वेगळं असू शकतं.

आधी पैशाचं. जाहिरातीत दिसतो तो दर करापूर्वीचा असतो. ७९९चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ९४३ रुपयांना पडतो. केबलवाला मात्र बहुतेकदा "सगळं धरून एवढे" असा एकच आकडा सांगतो. म्हणून दोन्ही आकडे आधी एका पायरीवर आणा. तुम्ही जीएसटीत नोंदणी केलेले नियमित करदाते असाल आणि नेट धंद्यासाठी वापरत असाल, तर या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, पण त्यासाठी तुमच्या जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल हवं. क्रमांक एकदा नोंदवला की कंपनी ते न मागता पाठवते. केबलवाल्याकडे ते मागून घ्यावं लागतं, आणि तो देत नसेल तर त्याचा स्वस्त दर कागदावर महाग ठरतो. आमच्याकडच्या दुकानदारांचा आणि आडत्यांचा हिशेब इथेच चुकताना मी पाहतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची ठरावीक दराची जीएसटी योजना) असाल किंवा नेट निव्वळ घरासाठी असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

दुसरा हिशेब मुदतीचा. वर्षाचे पैसे एकदम भरा, एक महिना मोफत, ही ऑफर सगळ्यांना माहीत आहे. सहा महिन्यांवर पंधरा दिवस मोफत, ही तिच्या शेजारीच असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ७९९ने बारा महिन्यांचे ९,५८८ होतात, ते तेरा महिन्यांत वाटले तर महिना ७३८ला पडतो. सहा महिन्यांचे ४,७९४ साडेसहा महिन्यांत वाटले तरी ७३८च. दर तोच असेल तर वर्षभर स्वतःला बांधून घ्यायचं कशाला? पैसे भरून झाल्यावर आपल्या हातात बोलण्यासारखं काही राहत नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलायची संधी मिळणं हाच मोठा फायदा आहे. मी वर्षाचा प्लॅन आता घेत नाही.

बोलणी दोन्हीकडे अगदी वेगळी चालतात. कंपनीच्या कॉल सेंटरला दर कमी करण्याचा अधिकार नसतो, तिथे घासाघीस करून वेळ घालवू नये. काही मिळालंच तर ते कनेक्शन बंद करण्याची विनंती नोंदवल्यावर. मग दुसऱ्या विभागातून फोन येतो आणि थोडे जादा दिवस किंवा वरच्या प्लॅनचा वेग पुढे केला जातो. मला असा फोन आला होता, सगळ्यांना येईलच असं नाही. आणि विनंती नोंदवताना खरंच बंद करायची तयारी ठेवा, कारण मोबाइल नंबरसारखी पोर्टेबिलिटी इथे नाही. नवीन कनेक्शन म्हणजे नवीन तार, भिंतीला नवीन भोक आणि जुना बॉक्स परत केल्याची पावती सांभाळणं.

केबलवाल्याशी बोलायचं तर थेट मालकाशी, आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधी. नेट बंद पडल्यावर गेलात की घाई तुम्हाला असते, त्याला नसते. दर पन्नास-शंभराने कमी करून घेणं जमतं, विशेषतः शेजाऱ्यांच्या प्लॅनचंही नूतनीकरण त्याच वेळी असेल तर. पण रुपयांवर मी फार ताणत नाही. त्याच्याकडून अटी काढून घेणं जास्त फायद्याचं असतं: दोन बँडचा (५ गिगाहर्ट्झचं वेगवान वाय-फायही देणारा) राउटर बदलून देणं, अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच ठेवणं, आणि नेट जितके दिवस बंद राहील तितके दिवस मुदत पुढे सरकवणं. कंपनीकडे शेवटची गोष्ट मागायला माणूसच सापडत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांत तीन दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या दुरुस्तीसाठी भाड्यात सवलत आहे, पण ती आपण मागितल्याशिवाय पदरात पडताना मी पाहिली नाही.

आता ज्या एका त्रासामुळे मी बदललो, तो सांगतो. फायबरच्या बॉक्सवर लाल दिवा लागला म्हणजे तारेतून प्रकाश येतच नाही. बहुधा तार कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे, बॉक्स बंद-चालू करून ती जुळणार नाही. आमच्याकडे सिमेंट रस्त्यांची आणि पाइपलाइनची कामं वर्षभर चालू असतात, वळवाच्या वाऱ्यात खांबावरच्या तारा तुटतात, त्यामुळे हा दिवा सगळ्यांच्याच घरी लागतो. कंपनीच्या काळात तक्रार नोंदवली की आधी राउटर बंद-चालू करायला सांगायचे. मग "तंत्रज्ञ नेमला आहे" असा मेसेज यायचा. आणि त्यानंतर, घरी कुणीही फिरकलेलं नसताना, "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे". इकडे दिवा लालच. पुन्हा फोन केला की नवी तक्रार, नवा क्रमांक आणि मुदतही पहिल्यापासून मोजायची. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, माझ्यावर ही वेळ आली. उशीर झाला तर दंड दिवसाला ५० रुपये आणि वर व्याज, तेही माझ्या नाही तर माझ्या अशिलांच्या नावावर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कशीबशी रिटर्न गेली. तार तुटल्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. काम झालेलं नसताना झालं म्हणून सांगितलं, ते मात्र मनातून गेलं नाही.

केबलवाल्याची तार कमी तुटते असं मी म्हणणार नाही, कदाचित थोडी जास्तच तुटत असेल. पण त्याला फोन केला की तो सांगतो, "साहेब, टाकीपाशी जेसीबीनं केबल तोडलीय, पोरगं जोडायलाच बसलंय, दोन तास धरा." कधी सरळ "आज होत नाही, उद्या सकाळी" म्हणतो. मग मला ठरवता येतं की हॉटस्पॉटवर भागवायचं की लॅपटॉप घेऊन अशिलाच्या दुकानात जाऊन बसायचं. माझ्या कामाला एवढं खरं उत्तर पुरतं, आणि त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी मला चालतात.

कंपनीच्या बाजूनेही सांगायला हवं. लाइट गेली की फरक दिसतो. फायबरच्या वाटेवरच्या फाट्यांना वीज लागत नाही, वीज लागते ती तुमच्या बॉक्सला आणि पुरवठादाराच्या केंद्रातल्या यंत्राला. तुमच्या बॉक्सचं काम छोट्या बारा व्होल्टच्या यूपीएसवर भागतं. केंद्राचं काय? कंपनीकडे तिथे जनरेटर असतो, केबलवाल्याकडे बहुधा इन्व्हर्टर, आणि लांबलेल्या भारनियमनात तो दम तोडतो. आमच्या केबलवाल्याने आता बॅटऱ्या वाढवल्या आहेत. तुमच्या केबलवाल्याकडे किती तासांचा बॅकअप आहे, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फतच येतं, त्यामुळे तिथे भागीदार कसा आहे यावर सगळं अवलंबून. तो चांगला असेल तर हा पर्याय मी आनंदाने घेईन. छतावर अँटेना लावून ५जीवर चालणारं एअरफायबर आहे, त्याला जेसीबीची भीती नाही, पण टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की वेग पडतो असं ओळखीचे सांगतात. शेतातल्या किंवा नव्या प्लॉटिंगमधल्या घराला, जिथे तार पोचलेलीच नाही, तिथे तेच बरं.

तुमच्या गल्लीत केबलवाला फोन उचलत नसेल, किंवा त्याची तार दोन-तीन हातांतून फिरून येत असेल, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि कंपनीकडे जा. बाकीच्यांनी आधी त्याच्याशी बोलून बघावं असं मला वाटतं. जाताना कंपनीच्या प्लॅनचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये असू द्या, कराचा आकडा धरून. तो कुठल्या परवानाधारक कंपनीचं नेट विकतो तेही विचारा, कारण वाद झालाच तर तक्रार क्रमांक घेऊन आणि पुढे अपिलासाठी त्या कंपनीकडेच जावं लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही जवळ ठेवा. आणि ठरलेलं सगळं, दर, मुदत, बंद दिवसांची भरपाई, त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, मगच पैसे पाठवा. बदलायचंच ठरलं तर नवं कनेक्शन आधी एक महिन्याचं घ्या आणि ते रात्री नऊच्या गर्दीत नीट चालतं हे पाहून मग जुनं बंद करा.