समुद्राकाठचे कॉटेज आणि आगाऊ पैशांची फसवणूक

शरद ऋतूतील सुट्टीसाठी समुद्राजवळच्या एका खेड्यात आम्ही आरक्षित केलेले कॉटेज त्या पत्त्यावर अस्तित्वातच नव्हते, आणि त्यापोटी भरलेले भाडे व अनामत दोन्ही भामट्यांनी लंपास केले. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना एका छपराखाली आणणाऱ्या अशा सहलीचे बेत कितीतरी घरांत आखले जातात, आणि आम्हाला ज्या पद्धतीने गंडा घातला गेला ती पद्धत त्यांतल्या कोणालाही गाठू शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जाहिरात एका नावाजलेल्या आरक्षण संकेतस्थळावर होती आणि भाडेही संशय यावा इतके कमी नव्हते. पहिल्या एक-दोन निरोपांनंतर स्वतःला मालकीण म्हणवणाऱ्या बाईंनी पुढचा पत्रव्यवहार खासगी ईमेलवर करण्याची विनंती केली. संकेतस्थळाला द्यावे लागणारे कमिशन वाचेल आणि तेवढी सवलत तुम्हाला देता येईल, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर आलेल्या लिंकवर उघडणारे पान मूळ संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल होते. रंग तेच, अक्षरांचे वळण तेच, आरक्षण क्रमांकाची मांडणीही तीच होती. फरक एवढाच, की पत्त्यामध्ये एक जोडरेघ जास्त होती. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्हही होते. त्या कुलपाचा अर्थ आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही इतकाच असतो. ती ज्याच्याकडे पोहोचते तो माणूस प्रामाणिक असल्याची हमी त्यात नसते, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणालाही विनामूल्य मिळवता येते. या चिन्हाबद्दलचा गैरसमज इतका पसरला आहे, की क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये ते बदलून टाकले.

पैसे भरण्याच्या वेळी कार्डची सोय तात्पुरती बंद असल्याचे सांगून रक्कम थेट बँक खात्यात मागवण्यात आली. सगळ्या प्रकरणातील कळीची जागा हीच आहे. कार्डने भरलेल्या रकमेवर बँकेमार्फत हरकत घेता येते आणि सेवा मिळाली नाही हे दाखवता आले तर पैसे परत मिळण्याची शक्यता बऱ्यापैकी असते, पण आपण स्वतः मंजुरी देऊन खात्यावर पाठवलेली रक्कम परत आणणे फार अवघड असते, कारण ती काही तासांतच दुसऱ्यांच्या नावावरील खात्यांतून पुढे वळवली जाते. शिवाय आरक्षण उन्हाळ्यात केलेले आणि जायचे शरदात. मधला एवढा काळ ग्राहक निर्धास्त राहिला, की भामट्यांचे अर्धे काम झालेले असते.

तो निर्धास्त राहावा यासाठी घेतलेली मेहनत मला सर्वांत संतापजनक वाटते. सासूबाईंच्या गुडघ्यांचा त्रास आम्ही कळवला तेव्हा उलट टपाली उत्तर आले, की मागच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत, कठडा उजव्या हाताला आहे आणि त्यांच्यासाठी खालची खोली तयार ठेवू. बाळासाठी पाळणा लागेल का, रात्री गारवा वाढतो तेव्हा शेकोटीची लाकडे किती आणून ठेवू, अशी चौकशी अधूनमधून होत राहिली. जी पायरी नाही आणि जो कठडा नाही, त्यांचे असे वर्णन एका वृद्ध बाईच्या दुखण्याचा आधार घेऊन करणे हा पैशांच्या चोरीहूनही मोठा अपराध आहे, असे माझे मत आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मोडतोडीपोटी परतावा मिळणारी अनामत मागितली गेली, आणि ती जमा झाल्यावर उत्तरे येणे बंद झाले.

शरदात दिवस लहान होत जातो, त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. नकाशावरील खूण जिथे संपली तिथे कुंपण घातलेले शेत होते. शेजारच्या घरातील गृहस्थ कंदील घेऊन बाहेर आले आणि त्याच आठवड्यात आणखी एक कुटुंब हाच पत्ता विचारत आले होते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याच मदतीने रात्रीपुरती राहण्याची सोय झाली.

नंतर गूगलच्या छायाचित्र-शोधात जाहिरातीतील फोटो टाकले, तेव्हा ते दुसऱ्याच किनाऱ्यावरील एका घराच्या विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले निघाले. त्यांतल्या एका फोटोखाली ‘व्हरांड्यातून समुद्रावर दिसणारा सूर्यास्त’ अशी ओळ होती, आणि आम्ही जिथे गेलो तो किनारा तर पूर्वाभिमुख आहे. तिथे समुद्रावर सूर्य उगवतो, मावळत नाही. फोटोतील दिशा, सावल्या आणि नकाशा यांचा मेळ बसतो का, हे पाहायला काही मिनिटेही लागत नाहीत. संकेतस्थळाचा पत्ता कधी नोंदवला गेला याची तारीखही सार्वजनिक नोंदीत कोणालाही पाहता येते. आम्हाला पाठवलेल्या पत्त्याची नोंद आमच्या आरक्षणाच्या थोडीच आधी झालेली होती. घर खरोखर त्यांच्या ताब्यात असेल तर व्हिडिओ कॉलवर फाटकापासून आतपर्यंत चालत ते दाखवायला मालकाची हरकत नसावी, आणि एखादे कपाट किंवा खिडकी त्याच वेळी उघडायला सांगितली म्हणजे आधी चित्रित केलेला व्हिडिओ चालवण्याची सोयही उरत नाही.

मूळ संकेतस्थळाने व्यवहार आपल्या यंत्रणेबाहेर झाल्याचे सांगून हात वर केले. बँकेने समोरच्या बँकेला खाते गोठवण्याची विनंती केली, परंतु खाते तोवर रिकामे झाले होते. पोलिसांत तक्रार नोंदवली असून ईमेल, लिंकचा पूर्ण पत्ता, पावती आणि खाते क्रमांक त्यांना दिले आहेत; जाहिरात आणि नकली पान अदृश्य होण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉट घेतलेले होते, त्यांचा यात फार उपयोग झाला.

त्यानंतर अलीकडेच स्वतःला वकील म्हणवणाऱ्या एका अनोळखी माणसाचा निरोप आला. आमची रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी थोडे शुल्क आगाऊ भरावे लागेल, असे त्याने लिहिले होते, आणि आमच्या आरक्षणाचा क्रमांकही त्याला माहीत होता. फसलेल्यांची यादी पुन्हा वापरून दुसऱ्यांदा लुबाडण्याचा हा प्रकार सर्रास चालतो. त्याला उत्तर न देता तो निरोप आम्ही पोलिसांकडील तक्रारीला जोडला आहे.