दोन-चार शाखांचं नेटवर्क: स्टॅटिक रूट, रिप की ओएसपीएफ?

शाखा वाढल्या की रूट, म्हणजे कुठल्या नेटवर्ककडे कुठल्या वाटेनं जायचं ते, हातानं लिहायचे (स्टॅटिक रूट) की रिप किंवा ओएसपीएफसारखा प्रोटोकॉल लावून राउटरांना आपापसात ठरवू द्यायचं, हा प्रश्न येतोच. बहुतेक जण राउटर किती आहेत ते मोजतात. माझ्या मते मोजायला हवेत ते पर्यायी मार्ग.

शाखेकडे जाणारी लाइन एकच असेल तर डोळे मिटून स्टॅटिक रूट टाका. दुसरी वाटच नाही, तर राउटरनं निवडायचं काय? दहा शाखा असल्या आणि प्रत्येक फक्त हेड ऑफिसला जोडलेली असली, तरी तिथे दहा ओळींत काम भागतं. शिवाय तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला कॉन्फिगरेशन वाचून सगळं कळतं, हा फायदा लहान नाही.

दुसरी लाइन घेतली की मात्र हिशेब बदलतो. मी सांभाळत असलेल्या एका शाखेला फायबर होती आणि बॅकअपला वायरलेस. वायरलेसच्या स्टॅटिक रूटला डिस्टन्स 200 देऊन तो मागे ठेवला होता (हा आकडा मोठा, तितका रूटचा नंबर नंतर). पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर कट झाली आणि शाखा अख्खी सकाळ बंद राहिली. बॅकअप लाइन चालू असूनही! फायबर थेट राउटरमध्ये येत नव्हती, मध्ये मीडिया कन्व्हर्टर होता, म्हणजे फायबरचा सिग्नल साध्या नेटवर्क केबलवर आणणारा डबा. कट झाली ती त्याच्या पलीकडे. कन्व्हर्टर ते राउटर ही हातभर पॅच कॉर्ड शाबूत, पोर्टचा दिवा हिरवा. राउटर पॅकेट त्याच पोर्टवर ढकलत राहिला.

लेअरचं, म्हणजे नेटवर्कचं काम ज्या थरांत वाटलेलं असतं त्यांचं, महत्त्व मला त्या दिवशी खरं कळलं. पॅकेट एका नेटवर्कातून दुसऱ्यात जातं तेव्हा प्रत्येक टप्प्यावर मॅक पत्ते (पोर्टचे, दुसऱ्या लेअरचे) बदलतात, आयपी पत्ते (तिसऱ्या लेअरचे) तेच राहतात. वाट ठरते तिसऱ्या लेअरवर. पण साधा स्टॅटिक रूट खालच्या लेअरच्या शब्दावर विसंबतो: पोर्ट चालू, म्हणजे वाट चालू. ओएसपीएफ पलीकडच्या राउटरची खबर स्वतः घेतो. इथरनेटवर सहसा दर 10 सेकंदांनी हॅलो, म्हणजे ‘मी आहे’ सांगणारं छोटं पॅकेट, जातं. 40 सेकंद समोरून हॅलो आलं नाही की शेजारी (समोरचा राउटर) गेला असं धरून तो बाकीच्यांना कळवतो आणि वाटा नव्यानं मोजल्या जातात. आमची सकाळ मिनिटभरात सुटली असती.

स्टॅटिकला पिंगची (उत्तर येतं का ते बघणाऱ्या छोट्या पॅकेटची) जोड देऊन पलीकडचा राउटर तपासत राहता येतं. एका शाखेपुरतं ते चालतंही, पण दोन्ही टोकांना लावा. नाहीतर जाणारी पॅकेट वायरलेसनं जातात आणि उत्तरं मेलेल्या फायबरकडेच वळतात.

रिप आज नव्यानं लावू नका. 1988 साली प्रमाण म्हणून लिहिला गेलेला हा प्रोटोकॉल फक्त टप्पे, म्हणजे वाटेतले राउटर, मोजतो, 15 च्या पुढे पोहोचत नाही आणि लाइनचा वेग बघत नाही. दोन टप्प्यांची गिगाबिट फायबर आणि एका टप्प्याची 10 एमबीपीएस वायरलेस यांत तो वायरलेस निवडतो.

ओएसपीएफ वेग बघतो, पण तिथेही एक खाचखळगा आहे. लाइनला तो किंमत लावतो आणि कमी किमतीची वाट निवडतो. सिस्कोच्या राउटरांच्या जुन्या मूळ सेटिंगमध्ये ही किंमत 100 एमबीपीएसच्या हिशेबानं निघते, त्यामुळे 100 एमबीपीएस आणि गिगाबिट दोन्हींची किंमत 1. हा हिशेबाचा आकडा, म्हणजे रेफरन्स बँडविड्थ, सगळ्या राउटरांवर सारखाच वाढवा. शेजारी एक्सस्टार्टवर (ओळख झाल्यावर माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या पायरीवर) अडकून बसले तर आधी दोन्हीकडचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, जुळवून बघा. आणि वापरणाऱ्यांची लॅन ज्या पोर्टवर आहे तो पॅसिव्ह ठेवा, म्हणजे त्यावरून हॅलो जाणार नाही, आणि बाकी पोर्टांवर ओएसपीएफला पासवर्ड लावा. कोणीतरी आणून जोडलेला राउटर तुमचा शेजारी व्हायला नको. ओएसपीएफमध्ये मोठं नेटवर्क एरियांत विभागता येतं, पण चार राउटर असतील तर सगळे मुख्य एरियात, एरिया 0 मध्येच राहू द्या.

बीजीपीचा, म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्क एकमेकांना रूट सांगतात त्या प्रोटोकॉलचा, विचार दोन वेगळ्या इंटरनेट कंपन्यांकडून लाइन घेऊन स्वतःचे पत्ते जाहीर करायचे असतील तेव्हाच करा. त्यासाठी आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेट पत्ते वाटणारी संस्था) एएस नंबर, म्हणजे तुमच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, आणि निदान 256 पत्त्यांचा ब्लॉक हवा. तिथली चूक आपल्यापुरती राहत नाही: 2008 च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमनं देशापुरता यूट्यूब अडवायला जाहीर केलेला रूट बाहेर पसरला आणि जगभरात यूट्यूब काही काळ बंद पडलं.

काहीही निवडलंत तरी चाचणी घेताना पॅच कॉर्ड उपसू नका. कन्व्हर्टरमधली फायबर काढा, पोर्टचा दिवा हिरवा राहिला आहे ना ते बघा, आणि मग शाखेतून पिंग चालू ठेवून सेकंद मोजा.