बिलावर जीएल-४, गिअरबॉक्समध्ये मात्र क्राऊनचं ऑइल

ट्रकचं गिअर ऑइल बदलताना माझी जी फसवणूक झाली, ती करायला फार अक्कल लागत नाही. म्हणूनच ती कुणाच्याही गाडीवर होऊ शकते. गिअरबॉक्समध्ये एकदा ऑइल गेलं की ते कुणाला दिसत नाही आणि पुढच्या बदलापर्यंत कुणी प्लग उघडूनही बघत नाही. याचाच फायदा घेतात.

माझ्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्ससाठी ८०डब्ल्यू-९०, एपीआय जीएल-४ आणि मागच्या क्राऊनसाठी (मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीसाठी) ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५ असं स्वच्छ लिहिलंय. यातला पहिला आकडा म्हणजे ग्रेड, ऑइल किती जाड ते सांगतो; जीएल म्हणजे ते कोणत्या कामाचं, तो वर्ग. मिस्त्रीला मी ते पानच दाखवलं. बिलावर जीएल-४ लावलं गेलं, त्या ऑइलचे रिकामे कॅनही माझ्यासमोर मांडले. प्रत्यक्षात मात्र क्राऊनसाठी ठेवलेल्या बॅरलमधलं स्वस्त ऑइल पंपाने दोन्हीकडे भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर पडेना. जोर लावला की खर्रर्र आवाज. डबल क्लच केलं, म्हणजे मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबला, की पडायचा, गाडी तापली की बरंच सुधारायचं. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: "नवीन ऑइल आहे, बसायला वेळ लागतो." हे वाक्य कानावर आलं तर तिथेच सावध व्हा. गिअर ऑइल बसायबिसायला वेळ घेत नाही. योग्य ऑइल पहिल्या दिवसापासून नीट चालतं.

असं होण्यामागचं कारण सिंक्रो रिंगमध्ये आहे. ती बहुतेक गिअरबॉक्समध्ये पितळेची असते. गिअरच्या शंकूसारख्या भागाला घासून ती दोघांचा वेग जुळवते आणि मगच गिअर पडतो. म्हणजे तिला थोडं घर्षण हवंच. ऑइल फार जाड किंवा फार निसरडं झालं की रिंगची पकड बसत नाही. जीएल-५ मुळात क्राऊन-पिनियनसाठी असतं. तिथे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट घालतात. त्यातलं क्रियाशील गंधक ऑइल तापल्यावर तांब्या-पितळेला खातं. आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी, हा हिशोब इथे साफ चुकीचा आहे. पितळेला न खाणारी जीएल-५ ऑइलंही मिळतात, आणि काही गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) किंवा इंजिन ऑइलच लागतं. त्यामुळे शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा, दुकानदाराचा नाही.

मी दुसऱ्या मेकॅनिककडे ऑइल काढायला लावलं. बोटावर घेतलं तर मधासारखी तार सुटत होती. पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरल्यावर सोनेरी भुकटी चमकली. ऑइल काढायच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा नेहमीचा काळा लेप होता, पण ही भुकटी त्याला चिकटत नव्हती. पितळ होतं ते. गंधकाचा उग्र वासही येत होता, पण वास जीएल-४ लाही असतो, तो पुरावा धरू नका. मी स्वच्छ, कोरड्या बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत दिला. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडची चिकटता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असायला हवी, १४० ची २४ च्या पुढे. माझा नमुना २४ च्या वर निघाला, पितळेतलं तांबंही भरपूर सापडलं. बिल खोटं आहे हे तिथेच उघड झालं.

कॅनांचा फोटो बिलासोबत काढून ठेवला होता, तो पुन्हा नीट पाहिला. नवा कॅन उघडला की झाकणाखालचं सीलचं कडं तुटून गळ्यालाच राहतं. इथे एकाही कॅनच्या गळ्याला कडं नव्हतं, आट्यांमध्ये वाळलेली घाण होती आणि प्रत्येक कॅनवरचा बॅच नंबर वेगळा. इतर गाड्यांचे जुने कॅन दाखवायला जपून ठेवले होते. याची मला अजूनही चीड येते.

तुमच्या गाडीचं काम असेल तेव्हा सील तुमच्यासमोर तोडायला लावा आणि त्याच कॅनमधून ऑइल आत जाताना उभे राहून बघा. बिलावर नुसतं 'गिअर ऑइल' चालवून घेऊ नका, ग्रेड आणि जीएल दोन्ही लिहून घ्या. ड्रेन प्लग उघडण्याआधी फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायचं बूच, सैल होतो का ते बघायला सांगा, कारण तो अडकला तर रिकाम्या गिअरबॉक्समध्ये ऑइल भरणार कुठून? पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर त्याप्रमाणे.

रिपोर्ट आणि फोटो समोर ठेवल्यावर गॅरेजवाल्याने ऑइलचे पैसे मुकाट परत केले. दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग मात्र बदलावी लागली, त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. तो खर्च द्यायला तो अजून तयार नाही, आणि मी रिपोर्ट जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय.