झरा म्हणून नेलं, टाकी दाखवली

या सगळ्या प्रकरणाचं मूळ म्हणजे माझ्या सासूबाईंचे गुडघे. गरम पाण्याच्या झऱ्यात अर्धा तास बसलं की सांधे मोकळे होतात, असं त्यांच्या मैत्रिणीने सांगितलं आणि त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर जाहिरात आली. (फोन आपलं बोलणं ऐकतो की नाही, या वादात मी पडत नाही.) ‘डोंगराच्या कुशीतला नैसर्गिक झरा, एका दिवसाची सहल, अनुभवी गाइड सोबत.’ खाली फोटो होता. मधोमध गर्द निळं पाणी, त्याला हिरवी, मग पिवळी, मग नारिंगी झालर. बघताक्षणी मी हरखले.

जागेचं नाव लिहीत नाही. तिथल्या झऱ्याचा यात काही दोष नाही, आणि हा डाव कुठल्याही झऱ्याच्या नावावर खेळता येतो.

पैसे भरतानाच शहाणं व्हायला हवं होतं. सहलवाल्यांचं नाव एक आणि खातं भलत्याच माणसाचं. नवऱ्याने विचारलं तर, ‘आमचं अकाउंट ऑडिटला आहे सर, आज भावाच्या खात्यावर टाका.’ ऑडिट चालू असलं की खात्यात पैसे येत नाहीत, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तरी टाकले. कारण ‘फक्त 3 जागा शिल्लक’ असा मेसेज आला होता आणि आम्ही नेमके तिघंच होतो. पूर्ण रक्कम आगाऊ. पावती मागितली, तर उत्तरादाखल हात जोडलेला स्टिकर आला.

गाडी पहाटे 5 ला यायची ती पावणेसातला आली. 13 जणांच्या गाडीत आम्ही 17 जण. गाइड म्हणजे विशीतला एक पोरगा, बोलायला गोड. डांबरी रस्ता होता तोवर गाणी, गप्पा, सगळं झकास चाललं होतं. कच्चा रस्ता लागला, मोबाइलची रेंज गेली आणि वसुली सुरू झाली.

आधी ‘वनशुल्क’, मग ‘गावनिधी’. मग आमची गाडी पुढे चढत नाही म्हणून जीप, तिचे वेगळे. जाहिरातीत ‘सर्व खर्च समाविष्ट’ असं ठळक अक्षरांत होतं. ते दाखवायला फोन काढला, तर रेंजअभावी पान उघडेना. पावत्या मात्र दिल्या हं. तिन्ही पावत्या मांडीवर ठेवून बघितल्या तेव्हा दिसलं की वन, गाव आणि जीप या तिन्ही खात्यांचा शिक्का एकच आहे. त्याचा उजवा कोपरा झिजलेला, तिन्हींवर तिथेच शाई उमटलेली नाही. एकावरही क्रमांक नव्हता.

मग भांडलात का नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. अहो, भांडून जाणार कुठे? मागे दीड तासाचा कच्चा रस्ता, सोबत गुडघे धरून बसलेल्या सासूबाई, आणि परतीची गाडी त्यांच्याच ताब्यात. नको असेल तर चालत परत जा, असं तिथे कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. ‘दुर्गम’ हा शब्द जाहिरातीत आपल्याला भुरळ घालायला असतो. त्याचा खरा उपयोग त्यांना तिथे पोचल्यावर होतो.

जीपमधून उतरल्यावर गाइडने खेदाने सांगितलं, “मुख्य कुंडाची वाट दरड पडून बंद झालीये. पण काळजी नको, त्याच झऱ्याचं पाणी पाइपने इथे आणलंय.” आणि ‘इथे’ म्हणजे काय, तर सिमेंटची टाकी. आतून निळ्या फरश्या, काठावर दगड रचून तिला जंगली रूप दिलेलं. वाफ मात्र छान निघत होती.

आम्ही आईंना, म्हणजे सासूबाईंना, काठावर बसवलं. त्यांनी पाय सोडले, जरा हलवले आणि म्हणाल्या, “वर कढत आणि खाली गार कसं काय गं?” मग ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

“अगं, हे तर बंबातलं पाणी आहे.”

“काहीतरी काय आई! गंधकाचा वास आहे तो.”

“पन्नास वर्षं बंब पेटवलाय मी. धूर कळत नाही होय मला?”

त्यांनी हात माझ्यापुढे धरला. तळव्यावर एक बारीक काळा कण चिकटला होता. अंगठ्याने चोळला तशी करडी रेघ उठली. राख होती.

मी कपडे बदलायच्या आडोशामागे गेले. तिथे भिंतीला लागून दोन लोखंडी पिंपं होती, खालून काळी ठिक्कर. ओली लाकडं धुमसत होती. पिंपातून निघालेला पाइप गोणपाटात गुंडाळून भिंतीतून टाकीत सोडला होता. लाकडं सारणाऱ्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागला. त्याच्यावर ओरडायचं माझ्या मनातही आलं नाही.

गाइडला विचारलं तर आधी, “हवा थंड आहे ना मॅडम, म्हणून थोडं गरम करतो.” मग, “मूळ पाणी झऱ्याचंच आहे.” मग, “मला वरून जसं सांगितलंय तसं मी सांगतो.” हे तिसरं उत्तर तेवढं खरं असावं. आमच्यातले अर्धे लोक चिडले. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, जाऊ द्या हो, आलोच आहोत तर मजा करू. एका गृहस्थांना तर टाकी नकली निघाल्यापेक्षा मी ते मोठ्याने बोलल्याचा राग जास्त आला होता. पस्तीस मिनिटांत ‘चला, दुसरी बॅच यायचीये’ म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. दिवसभराची सहल ती एवढीच.

घरी आल्यावर मी झऱ्यांविषयी बरंच वाचलं. जायच्या आधी वाचायला हवं होतं, ते आल्यावर वाचलं. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश. ज्वालामुखीच्या प्रदेशात त्याहून झपाट्याने. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेने वर येतं, आणि ते येतच राहतं. आपण आलोय म्हणून चालू होत नाही आणि रात्री बंदही होत नाही. इंग्लंडमधल्या बाथ गावचा झरा 46 अंशांचं पाणी रोज 10 लाख लिटरहून जास्त बाहेर टाकतो. म्हणजे जिथे झरा आहे तिथे वाहून जाणारं पाणी असलंच पाहिजे, एखादा ओहळ, निदान ओली घळ तरी. आमच्या टाकीतून थेंबही बाहेर जात नव्हता. कसा जाईल? लाकडं जाळून तापवलेलं पाणी कोण वाहू देईल? तेच पाणी बॅचमागून बॅच चाललेलं.

वाफ दाखवणं सोपं आहे. खऱ्या झऱ्याच्या अंगावरच्या खुणा नकली टाकीला आणता येत नाहीत. पाण्यातला चुना किंवा सिलिका काठावर साचून पांढरी, पिवळसर खपली धरते. ऊन पाणी वाहतं तिथे हिरवे, नारिंगी शेवाळासारखे थर असतात. ते उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. तळातून बुडबुडे येतात. आणि ज्याला आपण गंधकाचा वास म्हणतो तो निव्वळ गंधकाचा नसतोच, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. प्रत्येक झऱ्याला तो येतोच असंही नाही. पण येत असेल आणि एकाएकी यायचा थांबला, तर वायू गेला असं समजू नका. त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. असा झरा बंदिस्त खोलीत किंवा कपारीत असेल तर आधी बाहेर पडायचं.

फसवणुकीपेक्षा मला आता भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. गाइड पोरांना सांगत होता, “डोकं बुडवा, केसांना चांगलं असतं.” कोमट, साचलेलं पाणी आणि त्यात डुबक्या. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा ऊन पाण्यात वाढतो, 46 अंशांपर्यंत तग धरतो. नाकातून आत गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही. खऱ्या झऱ्यातही डोकं वरच ठेवायचं ते यासाठी. त्या पोराकडे साधा थर्मामीटरही नव्हता. गरम पाण्याच्या टबात बसायला 40 अंश ही वरची मर्यादा धरतात. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. आम्हाला टाकीच मिळाली हे एका परीने नशीबच म्हणायचं. त्या अनुभवी गाइडने खऱ्या झऱ्यावर नेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

पाणी तापवणं हा गुन्हा आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. जपानमध्ये झऱ्यांचा कायदा 1948 पासून आहे. त्यात 25 अंशांचं पाणीही उष्ण झऱ्याचं धरतात, मग ते तापवावं लागतंच. 2004 साली शिराहोने या नावाजलेल्या ठिकाणी पाणी दुधाळ दिसावं म्हणून काही ठिकाणी पूड मिसळत असल्याचं उघड झालं आणि देशभर गहजब उडाला. पुढच्या वर्षी नियमच आला की पाणी तापवता का, त्यात साधं पाणी घालता का, तेच पाणी फिरवता का, त्यात काही मिसळता का, हे पाटीवर लिहा. आमच्या टाकीवरही पाटी होती. ‘साबण लावू नये.’

फोटोचा उलगडा भाचीने केला. तिने तो उचलून इंटरनेटवर टाकला, तो मूळचा कुठला ते शोधलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, “मामी, हा अमेरिकेतल्या यलोस्टोनचा ग्रँड प्रिझमॅटिक झरा आहे. तिथे पोहायला बंदी आहे.” त्याचं पाणी 70 अंशांच्या घरात. त्या उद्यानातल्या ऊन पाण्याने भाजून आजवर 20 हून जास्त माणसं गेलीत. आणि मी त्याच फोटोकडे बघून सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तिथली जागा राखली होती!

पैशांचं म्हणाल तर परत मिळाले नाहीत. पहिले दोन दिवस ‘सरांशी बोलून सांगतो’, तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. मी लिहिलेला अभिप्राय संध्याकाळपर्यंत गायब. त्यांचे इतर अभिप्राय तेव्हा नीट वाचले, तर सगळे एकाच आठवड्यात लिहिलेले आणि निम्म्यांत ‘अविस्मरणीय’ हा शब्द. बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः होऊन एका व्यक्तीच्या खात्यावर रक्कम पाठवलीत, आता तक्रार नोंदवण्यापलीकडे आमच्या हातात फारसं नाही. कार्डाने व्यवसायाच्या नावे भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून दावा तरी लावता आला असता. तक्रार नोंदवली आहे. तिन्ही पावत्या, झिजक्या शिक्क्यासकट, जोडल्या आहेत.

आई एकदाही मला काही बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी बादलीत कढत पाणी घेऊन पाय सोडून बसतात आणि मी शेजारून गेले की विचारतात, “काय गं, दुसरी बॅच कधी?”

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तोच. मी भाचीच्या फोनवरून एकच ओळ पाठवली, ‘तुमच्या झऱ्याचं जास्तीचं पाणी कुठे जातं?’

लगेच उत्तर आलं, ‘काळजी नसावी मॅडम, पाणी अजिबात वाया जात नाही. फक्त 3 जागा शिल्लक.’