गार्डिनल चालू असलेल्या कुत्र्याचं लिव्हर: सिरप, गोळी की तपासणी?

आमच्या खंड्याला फिटांसाठी फेनोबार्बिटोन, म्हणजे आपण गार्डिनल म्हणतो ती गोळी, सुरू होऊन सहा महिने झाले आणि पहिला रक्ताचा रिपोर्ट हातात आला. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे लिव्हरचं एक एन्झाइम, चौपट. माझे हातपायच गळाले. बेळगावात आमच्या टिळकवाडीत संध्याकाळी कुत्री फिरवणाऱ्यांकडे विषय काढला, तर प्रत्येकाच्या खिशात एकेक औषध तयार. एक म्हणाला लिव्ह ५२ दे, दुसरा म्हणाला माणसांची लिव्हरची गोळी दे, आणि खानापूरकडचा मावसभाऊ भुईआवळीची जुडीच घेऊन दारात उभा. कन्नडात तिला नेलनेल्ली म्हणतात आणि कावीळीला कामाले. नावं बदलली तरी जुडी तीच.

मी लिव्ह ५२चं सिरप आणलं, आठ महिने पाजलं आणि या सगळ्या काळात एकदाही रक्त तपासलं नाही. तुम्ही आता याच फाट्यावर उभे असाल, तर माझी ती चूक आधी समजून घ्या.

चौपट आकडा तेवढा भीतीदायक नव्हताच. फेनोबार्बिटोन लिव्हरला जास्त एन्झाइम बनवायला लावतं, त्यामुळे फॉस्फटेज इजा नसतानाही वाढतं. एएलटी हे लिव्हरचं दुसरं एन्झाइमही थोडं वर जातं. खरी धोक्याची खूण वेगळीच असते: अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) खाली येणं, बिलिरुबिन (कावीळीतलं पिवळं द्रव्य) वाढणं, युरिया आणि कोलेस्टेरॉल उतरणं, एएलटी सारखं चढत राहणं. सगळ्यात बोलकी चाचणी बाइल ॲसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची. त्यात एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी रक्त घेतात. लिव्हर अजून काम करतंय का, हे त्यातून कळतं.

आता पर्याय बघू. आधी सिरप. लिव्ह ५२ हिमालयाचं १९५५ सालापासूनचं औषध, जनावरांसाठीही वेगळं मिळतं. स्वस्त आहे, कुठल्याही दुकानात मिळतं आणि कुत्रा चाटूनपुसून पितो. पण गार्डिनल घेणाऱ्या कुत्र्याचं लिव्हर त्याने वाचतं, असा ठाम पुरावा मला कुठे दिसला नाही. खंड्याची भूक सुधारली असं मला वाटायचं. नंतर लक्षात आलं, भूक तर गार्डिनलच वाढवतं. भुईआवळीचंही तेच, शिवाय किती द्यायची याला मापच नाही. मावसभावाला दुखवायला नको म्हणून जुडी कुंडीत लावली.

दुसरा पर्याय सॅम-ई, माणसांच्या दुकानात ॲडेमेथिओनिन. लिव्हर विषारी द्रव्यं निकामी करायला ग्लुटाथिओन वापरतं, त्याचा कच्चा माल या गोळीतून मिळतो. साधारण मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ४०० मिलिग्रॅम. ही गोळी उपाशीपोटी, खाण्याआधी तासभर द्यायची. तिच्यावर आतड्यात विरघळणारं कवच असतं, म्हणून ती तोडायची नाही, कुटायची नाही आणि भाकरीत चुरून तर मुळीच द्यायची नाही. इथेच निम्मी माणसं हरतात. स्टेरॉइड दिलेल्या कुत्र्यांवर हिचा अभ्यास झालाय: लिव्हरमधलं ग्लुटाथिओन वाढलं, पण स्टेरॉइडने होणारे बदल थांबले नाहीत. म्हणजे आधार मिळतो, ढाल मिळत नाही. आणि महिन्याचं बिल सिरपच्या कितीतरी पट. मोठा लॅब्रेडॉर असेल तर खिशाला चांगलंच जाणवेल.

सिलिमरीन, म्हणजे मिल्क थिसल या झाडाचा अर्क, बहुतेक वेळा हिच्याच जोडीला देतात. सुट्या सिलिमरीनचं शोषण कमी होतं, फॉस्फेटिडिलकोलीन या स्निग्ध पदार्थासोबत असलेलं बरं. त्याचा त्रास क्वचित होतो. फायदा किती, हे सांगणं अवघड. सॅम-ई परवडत असेल तर जोडीला हे घ्या, एकट्यासाठी मी पैसे घालणार नाही.

तिसरं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, उदिलिव्ह वगैरे नावांनी मिळतं. किलोमागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, खाण्यासोबत. हे पित्त पातळ करून वाहतं ठेवतं, त्यामुळे पित्त साचत असेल तिथे खरंच उपयोगाचं. पण पित्तनलिका बंद झाली असेल तर देता येत नाही, म्हणून सोनोग्राफीशिवाय आपल्या मनाने सुरू करू नये. नुसत्या वाढलेल्या फॉस्फटेजवर हे देणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला तेल.

या तिन्हींपेक्षा वेगळा प्रश्न मला खूप उशिरा सुचला: गार्डिनलच कमी करता येईल का? रक्तातली फेनोबार्बिटोनची पातळी साधारण १५ ते ३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी. ३५ च्या वर बराच काळ राहिली की लिव्हरचा धोका वाढतो. खंड्याची पातळी शेवटी मोजली तेव्हा ३८ निघाली. म्हणजे मी इकडे सिरप पाजत होतो आणि तिकडे गोळीच जास्त होत होती. डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवली आणि लेव्हेटिरासिटाम हे फिटांचं दुसरं औषध जोडलं. ते बहुतांश किडनीवाटे बाहेर पडतं, लिव्हरवर भार टाकत नाही. अडचण वेळेची. साधी गोळी दर आठ तासांनी लागते. आमच्या घरी सकाळी सहा आणि रात्री दहा जमतं; दुपारी दोनला मी उद्यमबागच्या फाउंड्रीत, बायको शाळेत. शेवटी शेजारच्या काकूंना गूळ-शेंगदाण्याच्या लाडवाच्या बदल्यात ही ड्युटी लावली. आणखी एक: फेनोबार्बिटोन चालू असताना लेव्हेटिरासिटाम शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे मात्रा वाढवावी लागू शकते.

पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटांचं आणखी एक औषधही लिव्हरला चुकवून किडनीवाटेच जातं. पण ते रक्तात स्थिरावायला तीन-चार महिने लागतात आणि जेवणातलं मीठ बदललं की पातळी हलते. मीठ वाढलं की ब्रोमाइड धुतलं जाऊन फिट परत येऊ शकते. मीठ तोडलं तर उलटा त्रास. चोर्ला घाटातून आलेली सुकट ज्या घरात कुत्र्याच्याही ताटात पडते, तिथे हे सांभाळणं कठीण. पॅनक्रियाजला (स्वादुपिंडाला) सूज येण्याची शक्यताही लक्षात ठेवा.

एक मात्र पक्कं: रिपोर्ट बघून घाबरून गार्डिनल अचानक बंद करू नका. एकामागून एक फिटा येऊन कुत्रा हातचा जाऊ शकतो.

मग पैसे कशात घालायचे? लिव्हर चांगलं असलेल्या कुत्र्यासाठी माझं उत्तर सरळ आहे: सिरपचे पैसे तपासणीत घाला. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पातळी, मग तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी पातळी आणि लिव्हरच्या चाचण्या. एएलटी चढत असेल तर सॅम-ई. अल्ब्युमिन उतरलं किंवा बाइल ॲसिड वाढलं तर औषध बदलण्याचं बोलणं, सिरपचं नव्हे. कारवानी, म्हणजे मुधोळचा, कुत्रा असेल तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींच्या शरीरात गार्डिनलच्याच बार्बिट्युरेट गटातली भुलीची काही औषधं सावकाश निचरतात, आणि मुधोळही त्याच बांध्याचा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही सांगतो. खानापूर, चंदगडच्या बाजूला पावसात पोत्यातल्या शेंगा आणि मका बुरशी धरतात. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं लिव्हर जाळतं. गाईची पेंड खराब झाली म्हणून कुत्र्याला टाकू नका, शिळ्या बुरसटलेल्या भाकऱ्याही नको. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होतो, त्याची लस दरवर्षी घ्या. अंगणातली सायकस काढून टाका, तिच्या बिया सगळ्यात विषारी. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल नको, आणि साखरविरहित सिरप देण्याआधी लेबलवर झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ आहे का बघा. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने खाली जाते आणि लिव्हर निकामी होऊ शकतं.

रक्त द्यायला जाताना रात्रीपासून उपाशी ठेवा, पाणी चालेल. गोळी कधी दिली ती वेळ चिठ्ठीवर लिहून न्या आणि दर खेपेला त्याच वेळेला नमुना द्या, म्हणजे आधीच्या आकड्याशी ताडता येतं. हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, कुत्रा उलट्या करून सुस्त पडला, तर सहा महिन्यांची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खंड्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. काकूंना विचारून ठेवलंय, त्या आठवड्यात गावाला जाणार नाहीत ना.