सर्व्हर मेला, तरी मेल आला : 'बॅकअप सक्सेसफुल'

भोसरी एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. १४ कॉम्प्युटर, एक सर्व्हर, त्यावर टॅली आणि ग्राहकांची ड्रॉइंग्ज. लोखंड कापण्यातलं मला कळतं, सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नाही, आणि आमच्या कॉम्प्युटरवाल्याने हे पहिल्याच भेटीत हेरलं असणार.

माणूस गोड बोलायचा, ओळखीतून आलेला. कोटेशनमध्ये नवा सर्व्हर, त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क 'रेड १'मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, एक गेली तरी काम चालू. शिवाय रोजचा बॅकअप आणि वर्षाला ४८ हजारांची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. मेंटेनन्सला तो गुरुवारीच यायचा. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी. "साहेब, सर्व्हर बंद करावा लागतो, तुमचं काम अडायला नको," म्हणायचा. मला तर कौतुकच वाटायचं. सर्व्हिस रिपोर्टवर सही वॉचमनकाकांची. आता फाइल काढून बघितली, तर १४ महिन्यांच्या १४ रिपोर्टांवर तोच मजकूर, खाली 'चेक्ड ओके'.

मार्च महिन्यात, वर्षअखेरीच्या धांदलीत, एका शुक्रवारी सकाळी सर्व्हर चालूच होईना. फोन केला. "घाबरू नका साहेब, दुसरी डिस्क आहे ना." संध्याकाळपर्यंत आला नाही. शनिवारी फोन बंद. शेवटी शेजारच्या गाळ्यात काम करणाऱ्या हार्डवेअरच्या पोराला बोलावलं. त्याने कव्हर काढलं आणि मला म्हणाला, "काका, इकडे या जरा." डिस्कच्या दोन कप्प्यांपैकी एक रिकामा होता. दुसरी डिस्क कधी बसवलीच नव्हती. बिल मात्र दोन्हींचं.

म्हटलं, हरकत नाही, बॅकअप आहे. रोज सकाळी ७ वाजता मला मेल यायचा, 'बॅकअप सक्सेसफुल', हिरव्या अक्षरांत. पोराने बॅकअपची बाहेरची डिस्क लॅपटॉपला लावली. त्यावरची शेवटची फाइल ११ महिन्यांपूर्वीची. मी हट्टाने मोबाइल पुढे केला, हे बघ, आजचाही मेल आहे! तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, सर्व्हर कालपासून बंद आहे. मग आज हा मेल पाठवला कोणी?" मेल सर्व्हरवरून येतच नव्हता. त्या माणसाने आपल्याच खात्यावरून तो रोज ७ वाजता जाईल असा लावून ठेवला होता. बॅकअप होवो न होवो.

मेलेली डिस्क पुण्यात डेटा रिकव्हरीवाल्याकडे दिली. ५२ हजार गेले. टॅली मिळालं, ड्रॉइंग्ज जेमतेम निम्मी. बाकीची ग्राहकांकडे हात जोडून पुन्हा मागवली. ती शरम पैशांत मोजता येत नाही. रिकव्हरीवाल्याने आणखी एक गोष्ट दाखवली. हार्ड डिस्क आपण किती तास चालली हे स्वतःच नोंदवून ठेवते. १४ महिने अखंड चालली तरी आकडा १०,००० च्या आसपास हवा. आमच्या 'नव्या' डिस्कवर ३८,००० हून जास्त होता, म्हणजे चार वर्षांहून अधिक. कुठल्या तरी भंगारात काढलेल्या मशीनमधली असणार. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा दिसतो, बसवतानाच बघता आला असता. अर्थात आकडाही शून्यावर आणणारे महाभाग आहेत. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्कांत हेच उघड झालं होतं. म्हणून डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा.

विंडोजची लायसन्सही खोटीच निघाली, त्यावर जास्त बोलत नाही.

खरा गळफास पुढे होता. दुसरा माणूस नेमतो म्हटल्यावर याचा फोन लगेच चालू झाला. आमच्या मेलचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं कंपनीचं नाव, त्याने स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं होतं. दर वर्षी पैसे आम्ही भरायचो, मालक तो. "मागचं ४० हजार येणं आहे, ते द्या, डोमेन ट्रान्सफर करतो." कसलं येणं? पण आमच्या सगळ्या पर्चेस ऑर्डरी त्याच मेलवर येतात. १५ हजारांवर तोडपाणी केलं आणि डोमेन सोडवलं. चुकलंच, पण त्या आठवड्यात माल निघणं जास्त महत्त्वाचं होतं. तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात ईमेल आणि मोबाइल तुमचाच हवा. सर्व्हर आणि राउटरचे अॅडमिन पासवर्ड लिहून बंद पाकिटात तुमच्या कपाटात हवेत.

नव्या माणसाला पहिलीच अट घातली. महिन्यातून एकदा, मी सांगेन ते जुनं बिल बॅकअपमधून काढून माझ्या समोर उघडून दाखवायचं. पहिल्या वेळी पाऊण तास लागला, अकाउंटंटबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

पोलिसांत अर्ज दिलाय. सकाळी ७ चा तो मेल अजूनही येतो. पुरावा म्हणून मी एकही डिलीट केलेला नाही.